दंड साडेनऊ

घणसोलीत नाक्यावर माझं दुकान,
सहा बाय नऊचं, शटर अर्धंच वर जातं.
लोकांना वाटतं मी ब्लाउज शिवते.
मी खरं तर वही लिहिते:
नाव, छाती, कंबर, मुंढा, दंड,
आणि कोपऱ्यात पेन्सिलीने
मला एकटीला कळेल असं काहीतरी.

द्वारका मढवी. पान एकेचाळीस.
पहिलं माप लेकाच्या हळदीचं:
छाती छत्तीस, कंबर एकतीस, दंड बारा.
मागचा गळा खोल, गोंड्यांसकट.
कोपऱ्यात: हसते फार, माप हलतं.

दोन वर्षांनी छाती चाळीस.
पन्नाशीत बायका भरतात, त्यात काय,
मीही भरले.
पण दंड अकरा.
टेप उलटी धरली असेल म्हणून पुन्हा लावली.
अकराच.

मग गौरीला:
छाती त्रेचाळीस, कंबर एक्केचाळीस, दंड साडेनऊ.
माणूस जाड होतो तो सगळीकडून.
ही मधोमध फुगत होती
आणि कडांनी विरत होती.
मानेखाली मांसाची उशी,
ब्लाउज पाठीवरून वर चढायचा, पुढून लोंबायचा.
वाटलं माझीच कात्री चुकली. दोनदा उसवला.

आळीतल्या बायका म्हणायच्या,
'सुनेचे हातचा मानवलाय गो तुला!
तोंड बग, पुनवेचा चांदच.'
ती गालांना हात लावून बघायची,
कुणाचे उसने आणल्यासारखे.
रात्री झोप नाही, तीनला उठून भांडी घासते.
दिवसा नातवावर खेकसते, मग रडते.

एकदा टाचणी नुसती टेकली,
दुसऱ्या दिवशी तिथे करवंदाएवढा डाग.
कंबर मोजताना पदर सरकला:
पोटावर रुंद, जांभळे पट्टे.
बाळंतपणाच्या रेघा मी शेकड्यांनी पाहिल्यात,
त्या पांढऱ्या असतात, जुन्या, निवलेल्या.
ह्या अजून फाटत होत्या.

आणि पाटावरून उठता येईना. हात दे म्हणाली.
खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतून
निवट्या धरणारी बाई.

वही घेऊन मीच गेले सोबत, वाशीला, पालिकेच्या दवाखान्यात.
डॉक्टरीण तरुण, डोळ्यांत रात्रपाळी.
बीपी चढलेलं, साखर चढलेली.
मी पान एकेचाळीस पुढे केलं.
तिचं बोट आकड्यांवरून उतरत दंडापाशी थांबलं.
'घरचं काही घेता? चूर्ण, पुडी?'

द्वारकाताईने कनवटीची पिशवी सोडली.
गुडघ्यांसाठी. तुर्भ्याच्या एका बाबाकडची,
ना नाव ना गाव,
दिवसाला दोन, पाच वर्षं.
'झाडपाल्याची आहे. लगेच गुण येतो.'
'येणारच. यात स्टेरॉइड असणार.'

मग तिने कागदावर दोन मूत्रपिंडं काढली,
प्रत्येकाच्या डोक्यावर टोपीएवढी ग्रंथी.
'कॉर्टिसोल या करतात. संकटाला पुरेल इतकं, मापात.
तुम्ही बाहेरून ओतत राहिलात,
रोजच संकट असल्यासारखं.
यांना काम उरलं नाही. झोपल्या.
काहींना गाठीमुळेही होतं हे,
तेही तपासू.'

द्वारकाताई पुड्या डब्यात टाकायला निघाली तशी ती ओरडलीच,
'एकदम नाही! एकदम सोडलंत तर जिवावर बेतेल.
मी मोजून गोळी देईन, हळूहळू कमी करू.
वर्ष लागेल त्या जाग्या व्हायला. कदाचित जास्त.'

परतताना रिक्षात ती कोपरखैरण्यापर्यंत गप्प.
मग म्हणाली,
'म्हंजे मी खाऊन नाय जाडले?'
आणि थोड्या वेळाने,
'तीन वर्सं भात सोडलाय मी.'
मला उत्तर सुचलं नाही. सिग्नल लागला होता.

काल माप घेतलं.
छाती बेचाळीस, दंड दहा.
दहा म्हणजे फार नव्हे,
टेपवर नखाएवढं.
बाहीच्या शिवणीत दोन बोटं माया ठेवलीय,
भरली तर उसवता येईल.
कोपरा अजून कोरा आहे.
पेन्सिल घेऊन बसते,
मग दुसरी कुणीतरी येते, फॉल लावायला.